नृसिंह, शरभ आणि गंडभेरुंड

केंतारो मिउरा यांच्या ‘बर्सर्क’ या जपानी चित्रकथेत पुराणातले अक्राळविक्राळ प्राणी माणसांच्या जगात शिरतात. ते आणायला हवे होते का, यावर तिचे वाचक हमरीतुमरीवर येतात. मला त्याचे नवल वाटत नाही. आपल्या दक्षिणेत भक्तांनी असाच वाद शतकानुशतके घातला आहे.

हिरण्यकशिपूला फाडल्यावरही नृसिंहाचा कोप शमेना. तेव्हा शिवाने शरभ होऊन त्याला आवरले, असे शैवांनी सांगितले. शरभ म्हणजे अर्धा सिंह, अर्धा पक्षी. वैष्णवांना हे कसे रुचावे? त्यांनी नृसिंहालाच दोन तोंडांचा गंडभेरुंड करून शरभावर सोडले!

पण असे प्राणी कुणा एकाच्या दावणीला राहत नाहीत. शिमोगा जिल्ह्यात बळ्ळिगावेला इ.स. १०४७ च्या सुमारास गंडभेरुंडाचा स्तंभ उभा राहिला. पुढे म्हैसूरच्या वडेयरांनी त्याला राजचिन्ह केले. हत्तींना पंजात धरणारा शरभ तर सिद्दींच्या जंजिऱ्याच्या दरवाजावरही आहे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी चंदगड तालुका वगळून बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि आम्हां सांबरेकरांच्या सरकारी कागदांवर गंडभेरुंड येऊन बसला. कागद कानडी, म्हणून पाखरूही परके वाटले. मराठी कागदाचा हक्क मी सोडणार नाही. पण राग सक्तीवर असावा, पाखरावर नको. ते नृसिंहाच्या गोत्यातले आहे, आणि प्रल्हादाची गोष्ट आपल्या आज्यांनीही मराठीतच सांगितली आहे.