तळटीप : कार्लटन टॅव्हर्न

१. कार्लटन टॅव्हर्न : लंडनच्या मेडा व्हेल भागातला, १९२०–२१ मध्ये बांधलेला पब. इमारतीला वारसा-संरक्षण देण्याचा विचार चालू असतानाच एप्रिल २०१५ मध्ये मालक कंपनीने ती विनापरवाना जमीनदोस्त केली; तिथे फ्लॅट बांधायचे होते. लंडनमधले कितीतरी पब असेच फ्लॅटांच्या पोटात गेले. इथे मात्र रहिवासी आधीच सावध झाले होते, आणि वारसा-तज्ज्ञांनी इमारतीच्या बारीकसारीक नोंदी घेऊन ठेवल्या होत्या. त्यामुळे वेस्टमिन्स्टर पालिकेला पब जसाच्या तसा पुन्हा बांधण्याचा आदेश देता आला. दर्शनी भागावरचा पबच्या नावाचा फलकसुद्धा परत लागला. एप्रिल २०२१ मध्ये पब पुन्हा उघडला. याचे पहिले श्रेय शेजाऱ्यांचे.