कर्षण-साहाय्यित अंतर्दर्शी विच्छेदन

कर्षण-साहाय्यित अंतर्दर्शी विच्छेदन ही जठराचा प्रारंभिक कर्करोग पोट न उघडता, तोंडावाटे घातलेल्या दुर्बिणीतून (एंडोस्कोप) काढण्याची पद्धत आहे. रोगग्रस्त भाग क्लिप, धागा किंवा रबरी कडीच्या साहाय्याने ओढून धरला जातो व त्याखालील थर नजरेसमोर ठेवून कापला जातो. या उपचारात जठर शाबूत राहते.

== पार्श्वभूमी ==
कर्करोग जठराच्या श्लेष्मल अस्तरापुरता किंवा त्याखालील उपश्लेष्मल थरापुरता मर्यादित असल्यास त्यास प्रारंभिक कर्करोग म्हणतात. ही व्याख्या जपानमध्ये १९६२ साली निश्चित झाली. अस्तरापुरत्या मर्यादित रोगात लसिका ग्रंथींपर्यंत प्रसार क्वचितच होतो. म्हणून निवडक रुग्णांत केवळ रोगग्रस्त भाग काढणे पुरेसे ठरते. गाठीचा आकार, पेशींचा प्रकार, खोली आणि व्रण यांवरून ही निवड केली जाते.

पूर्वी असा भाग तारेच्या फासात पकडून कापला जाई. मोठी गाठ त्यामुळे तुकड्यांत निघे आणि कडांची तपासणी अवघड होई. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात टोकियोच्या राष्ट्रीय कर्करोग केंद्रात टोकाला विद्युतरोधक गोळी असलेली सुरी विकसित झाली. त्यानंतर मोठी गाठही एकसंध काढता येऊ लागली.

== कर्षणाची गरज ==
उघड्या शस्त्रक्रियेत शल्यचिकित्सकाचा एक हात ऊती ताणून धरतो व दुसरा कापतो. दुर्बिणीतून काम करताना हा ताणणारा हात नसतो. कापलेला पदर परत खाली पडतो, रक्तवाहिन्या दिसत नाहीत आणि रक्तस्राव किंवा जठराला छिद्र पडण्याचा धोका वाढतो. कर्षण ही उणीव भरून काढते.

== कार्यपद्धती ==
प्रथम गाठीभोवती खुणा करतात. उपश्लेष्मल थरात द्रावण टोचून अस्तर उचलले जाते व खुणांच्या बाहेरून गोलाकार छेद घेतला जातो. नंतर कापलेल्या कडेला धागा बांधलेली क्लिप लावतात. धाग्याचे दुसरे टोक तोंडाबाहेर असते. साहाय्यक ते हलकेच ओढतो. यासाठी दात साफ करण्याचा धागाही वापरला जातो. हा धागा मुख्यत्वे तोंडाच्या दिशेनेच ओढता येतो. वेगळ्या दिशेसाठी दुसऱ्या क्लिपचा कप्पीसारखा उपयोग करतात किंवा स्प्रिंग वापरतात. ओढ जास्त झाल्यास क्लिप निसटते किंवा स्नायूचा थर वर खेचला जाऊन छिद्राचा धोका निर्माण होतो.

== परिणामकारकता ==
जपानमधील ६४० रुग्णांच्या यादृच्छिक चाचणीचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. सर्व रुग्णांचा एकत्रित विचार करता धाग्यामुळे शस्त्रक्रियेच्या वेळेत लक्षणीय बचत झाली नाही. मात्र जठराच्या वरच्या व मधल्या भागातील मोठ्या वक्रतेवरील गाठींसाठी सरासरी वेळ सुमारे १०४ मिनिटांवरून ५७ मिनिटांवर आला. छिद्र पडण्याचे प्रमाणही २.२ टक्क्यांऐवजी ०.३ टक्के आढळले.

== उपचारानंतर ==
काढलेल्या भागाची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी होते. रोग अपेक्षेपेक्षा खोल गेलेला किंवा रक्तवाहिन्या व लसिका वाहिन्यांत शिरलेला आढळल्यास जठराची शस्त्रक्रिया सुचवली जाते. जखम भरण्यासाठी आम्लरोधक औषधे देतात. उरलेल्या जठरात नवा कर्करोग उद्भवू शकतो. म्हणून हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूचा नायनाट आणि नियमित दुर्बीण तपासणी आवश्यक असते.

== भारतातील स्थिती ==
प्रारंभिक कर्करोगात बहुधा लक्षणे नसतात किंवा साध्या अपचनासारखी असतात. जपानमध्ये लोकसंख्येच्या पातळीवर चाळणी तपासणी होते. भारतात तशी राष्ट्रीय योजना नाही. मिझोराममध्ये या रोगाचे प्रमाण देशात विशेष जास्त आहे. भारतात बहुतेक रुग्णांचे निदान रोग पुढच्या टप्प्यात गेल्यावर होते, त्यामुळे या उपचाराची संधी थोड्यांनाच मिळते.