खो-खोपटूची पारख

वृत्तपत्रांतील निकालात खो-खोपटूची कामगिरी एका ओळीत मावते: 'अडीच मिनिटे संरक्षण व तीन गडी'. व्यावसायिक संघासाठी खेळाडू निवडताना मात्र ही ओळ अपुरी पडते. धाराशिव जिल्ह्याने या खेळाला सातत्याने खेळाडू दिले असल्याने हा प्रश्न येथे केवळ तात्त्विक नाही. येथील सारिका काळे यांच्या नेतृत्वाखाली भारतीय महिला संघाने २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळविले. २०२० मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत नेपाळला ७८-४० असे हरवून पहिला विश्वचषक जिंकणाऱ्या संघात धाराशिवच्या अश्विनी शिंदे होत्या.

महाविद्यालयीन खेळाडूची भिस्त बहुधा पळतीवर असते. साखळी पद्धतीने पळत मिनिटे काढणारा संरक्षक प्रशिक्षकाला भरवशाचा वाटतो आणि पारंपरिक नऊ मिनिटांच्या पाळीत तो असतोही. परंतु त्याचे निम्मे कौशल्य नियमावर उभे असते. आक्रमकाने एकदा दिशा घेतली की खांब ओलांडेपर्यंत त्याला मागे वळता येत नाही आणि संरक्षक नेमका याचाच लाभ उठवितो. २०२२ मध्ये पुण्यात बालेवाडी येथे सुरू झालेल्या अल्टिमेट खो-खो लीगमध्ये पाळी सात मिनिटांची झाली, संघ सात जणांचा झाला आणि 'वझीर' या आक्रमकाला कोणत्याही दिशेने वळण्याची मुभा मिळाली. तेथे केवळ साखळीवर विसंबणारा धावक लवकर सापडतो. हुलकावणी, अचानक थांबून उलट फिरणे आणि खांबाजवळचा तोल यांची परीक्षा आधी घ्यावी.

आक्रमणात किती गडी टिपले यापेक्षा कसे टिपले, हे पाहावे. दमलेला गडी सहज बाद होतो. ताज्या गड्याला सूर मारून किंवा खांबावर टिपणारा आक्रमक दुर्मीळ असतो. खो देण्यातील घाई आणि त्यातून होणारे फाऊल हा तरुण खेळाडूंचा नेहमीचा दोष. सरावाने तो जातो. उंची व हाताची पोच मात्र शिकविता येत नाही. मातीवर वाढलेल्या खेळाडूला मॅटवर पाय रोवायला काही काळ द्यावाच लागतो, तेवढ्यावरून त्याला नाकारणे अन्यायाचे ठरेल.

कुमार गटातील 'वीर अभिमन्यू' किंवा मुलींचा 'जानकी' पुरस्कार ही चांगली शिफारस असते. तथापि तो एका स्पर्धेतील कामगिरीचा पुरस्कार होय.

मुलींच्या बाबतीत ही पारख वेगळ्याच ठिकाणी अडते. लीगची २०२२ व २०२३-२४ ही दोन्ही पर्वे केवळ पुरुषांसाठी होती. त्यामुळे गुणवान मुलीसमोर विमानतळ प्राधिकरण वा रेल्वेसारख्या संघांतील जागा आणि राज्य शासनाच्या नोकऱ्यांतील पाच टक्के क्रीडा आरक्षण हेच मुख्य मार्ग राहिले.