कळांखालचा कण

शाळेच्या कचेरीतील लॅपटॉपची एखादी कळ दबत नाही, किंवा एकदा दाबली तरी अक्षर दोनदा उमटते. यंत्र बिघडले, असे आपण म्हणतो. पुष्कळदा कळेखाली बिस्किटाचा एखादा कण अडकलेला असतो, इतकेच. हा कण काढणे एके काळी सोपे होते, पुढे ते अवघड होत गेले. असे का झाले ते पाहू या.

अमेरिकेतील मिल्वॉकी शहरात क्रिस्टोफर शोल्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी बनवलेल्या टाइपरायटरला १८६८ साली पेटंट मिळाले. रेमिंग्टन कंपनीने १८७४ मध्ये तो बाजारात आणला. टाइपरायटरची कळ म्हणजे एका लांब तरफेचे टोक. तरफांच्या खाली व मध्ये भरपूर मोकळी जागा असे, त्यामुळे धूळ ब्रशने झटकता येई. खरा त्रास होता तो खोडरबराच्या चुऱ्याचा. म्हणून खोडण्याआधी कॅरेज एका बाजूला सरकवावे, म्हणजे चुरा यंत्रात न पडता बाहेर पडतो, असे शिकाऊ टंकलेखकांना शिकवले जाई. भारतात गोदरेज कंपनीने १९५५ मध्ये टाइपरायटर बनवले. यंत्र वापरणाऱ्यानेच ते साफ ठेवायचे, अशी तेव्हाची रीत होती.

संगणक आला आणि तरफा गेल्या. आयबीएम कंपनीच्या १९८५ च्या प्रसिद्ध कळफलकात प्रत्येक कळेखाली एक स्प्रिंग होती. तिच्याखाली प्लॅस्टिकचे तीन पातळ पडदे. वरच्या व खालच्या पडद्यावर विद्युतवाहक पट्टे छापलेले, मधल्या पडद्याला भोके. कळ दाबली की भोकातून वरचा पट्टा खालच्याला टेकतो आणि मंडल पूर्ण होते. या कळांच्या टोप्या उपटून काढता येत, धुता येत आणि पुन्हा बसवता येत.

लॅपटॉपचे झाकण मिटायचे, म्हणून कळा चपट्या झाल्या. त्यांच्याखाली कात्रीसारखे एकमेकांना छेदणारे प्लॅस्टिकचे दोन नाजूक तुकडे आले. टोपी उपटताना त्यांचे आकडे मोडू लागले.

येथे थोडे गणित करू. जुन्या कळफलकाची कळ सुमारे ४ मि.मी. खाली जाई. अर्ध्या मि.मी.चा वाळूचा कण त्या अंतराचा आठवा भाग होतो. कळ त्याला सहज सामावून घेते. ॲपल कंपनीने २०१५ मध्ये ‘फुलपाखरू’ नावाची नवी रचना आणली. तिची कळ जेमतेम अर्धा मि.मी. दबे. म्हणजे तोच कण आता सारे अंतर व्यापतो!

तक्रारी वाढल्या. जून २०१८ मध्ये कंपनीने अशा कळफलकांची खरेदीपासून चार वर्षांपर्यंत मोफत दुरुस्ती जाहीर केली. त्याच वर्षीच्या नव्या यंत्रांत कळांखाली सिलिकॉनचा पातळ पडदा बसवला. अखेर नोव्हेंबर २०१९ पासून कंपनी १ मि.मी. दबणाऱ्या कात्रीच्या रचनेकडे परतू लागली. अमेरिकेतील ग्राहकांच्या दाव्यात २०२२ मध्ये ५ कोटी डॉलरची तडजोड झाली. दोष मात्र कंपनीने मान्य केला नाही.

आम्हांला यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. या लॅपटॉपचा कळफलक वरच्या सांगाड्याला रिव्हेटने पक्का केलेला होता आणि बॅटरीही त्याच सांगाड्याला चिकटवलेली. त्यामुळे कळफलक बदलायचा तर पुष्कळदा सगळा भाग बदलावा लागे. टाइपरायटरवाल्याचे जे काम ब्रशने होई, त्यासाठी आता दुरुस्ती केंद्र गाठावे लागले. यंत्र किती बारीक करावे, हा प्रश्न ते कोणाला उघडता यावे या प्रश्नाशी असा जोडलेला आहे.

लॅपटॉप साफ करताना तो बंद करून वायर काढावी. तो जवळजवळ उभा धरून मऊ ब्रश फिरवावा किंवा हवेचे छोटे झोत मारावेत. मग दोन्ही बाजूंना वळवून तेच करावे. पाणी ओतू नये. कळा उपटू नयेत.

वर्गासाठी एक सोपा प्रयोग: मोडीत निघालेला साधा कळफलक संगणकापासून सोडवून मागचे स्क्रू काढा. बहुतेक स्वस्त कळफलकांत स्प्रिंगऐवजी रबराच्या टोप्या आणि खाली हेच तीन पडदे सापडतील. ‘क’ दाबल्यावर कोणते दोन पट्टे जोडले जातात, ते मुलांना बोटाने शोधू द्या. आणि टोप्यांखालचा कचरा भिंगातून पाहायला विसरू नका.