‘सांक्ती वेनीते’ : एका प्राचीन आयरिश स्तोत्राची हकिकत

इ. स. १८०३ च्या २३ सप्टेंबर रोजी जाफराबादेजवळील असईच्या रणांगणावर तोफा घेऊन आलेला सेनापती आर्थर वेलस्ली हा मूळचा डब्लिनचा, हे इतिहासात नमूद आहे. परंतु त्याच आयर्लंड देशाने ख्रिस्तसभेस दिलेले एक शांतिमय दान पुष्कळांस अपरिचित असेल. ते म्हणजे ‘सांक्ती वेनीते’ हे लॅटिन स्तोत्र होय.

पवित्र कम्युनियनच्या वेळी गावयाचे हे स्तोत्र बँगोर मठाच्या सातव्या शतकातील हस्तलिखितात आढळते. संत पॅट्रिक यांच्या काळी देवदूतांनी ते प्रथम गाइले, अशी आख्यायिका आहे. नवव्या शतकात दर्यावर्दी लुटारूंनी तो मठ लुटिला. पोथी मात्र इटलीतील बॉब्यो मठात पोचली, म्हणून वाचली. हा मठ बँगोरच्याच संत कोलंबानूस यांनी ६१४ च्या सुमारास स्थापिला होता. आज ती मिलानच्या आंब्रोसियन ग्रंथालयात आहे. तीत शब्द आहेत, स्वरलिपी नाही. मूळ चाल लुप्त झाली.

आपल्या भाषेतील ‘ख्रिस्तपुराणा’चेही असेच. फादर थॉमस स्टीफन्स यांच्या या ग्रंथाच्या १६१६, १६४९ व १६५४ सालच्या छापील प्रती नाहीशा झाल्या. भाविकांनी ओव्या हाताने उतरून ठेविल्या व मुखाने गाइल्या, म्हणूनच १९०७ साली मंगळूर येथे तो पुन्हा छापिता आला.

यास्तव गायकवृंदातील वडील मंडळींनी आपल्या जुन्या चाली मुलांस आजच शिकवाव्या. पुस्तकांत शब्द सापडतील. चाली सापडावयाच्या नाहीत.