गळ, पीस आणि मौन

१६४९ साली इंग्लंडच्या राजाचा शिरच्छेद झाला. १६५३ मध्ये राजनिष्ठ आयझॅक वॉल्टनचा 'द कम्प्लीट अँग्लर' हा मत्स्यवेधावरील संवादग्रंथ प्रसिद्ध झाला. यादवीविषयीचे त्यातील मौन पाहून त्याला पलायनवादी ठरवणे सोपे आहे. परंतु १६६० साली राजसत्ता परतल्यावरही हा ग्रंथ वाढतच राहिला. वॉल्टनचा भर जिवंत आमिषावर होता. गळाला पिसे व रेशीम गुंडाळून कृत्रिम माशी घडवण्याची सविस्तर विद्या सदतीस वर्षांनी लहान असलेल्या चार्ल्स कॉटनने १६७६च्या आवृत्तीत जोडली. डव्ह नदीकाठच्या कॉटनच्या मत्स्यगृहावर १६७४ हे साल आणि दोघांची गुंफलेली आद्याक्षरे कोरलेली आहेत. त्या मौनात पळ नव्हता. मैत्री व कारागिरी यांचे जतन होते.