मेचनिकॉफ, मोठे आतडे आणि स्वयंविषबाधेचा सिद्धान्त : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :

मानवी आतड्यात असंख्य जिवाणूंचे वास्तव्य असते आणि त्यांचा आरोग्याशी निकटचा संबंध असतो, ही गोष्ट आज शालेय विद्यार्थ्यांनाही ठाऊक असते. तथापि या जिवाणूंकडे पाहण्याची वैद्यकशास्त्राची दृष्टी गेल्या सव्वाशे वर्षांत सरळ रेषेत विकसित झालेली नाही. एका प्रामाणिक निरीक्षणावरून घाईने निष्कर्ष काढला गेला आणि त्याच्या आधारे अनेक रुग्णांची मोठी आतडी शस्त्रक्रियेने काढून टाकण्यात आली. विजयगाथांनी भरलेल्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या इतिहासात या प्रकरणाला सहसा दोन ओळींपेक्षा अधिक जागा मिळत नाही. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार केला आहे.

सिद्धान्ताचा उगम :

१८८५ साली जर्मन बालरोगतज्ज्ञ थिओडोर एशेरिख यांनी अर्भकांच्या विष्ठेतून जिवाणू वेगळे करून त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे त्यांच्याच नावाने ओळखला जाणारा ‘ई. कोलाय’ हा त्यांपैकी एक होय. सूक्ष्मजीवांवाचून प्राण्याचे जीवन अशक्य ठरेल, असे मत लुई पाश्चर यांनी त्याच वर्षी व्यक्त केले. उलट दोनच वर्षांनी, १८८७ मध्ये, पॅरिसचे चार्ल्स बुशार यांनी ‘स्वयंविषबाधे’ची कल्पना मांडली. आतड्यात कुजणाऱ्या अन्नातून विषारी द्रव्ये तयार होतात, ती रक्तात शोषली जातात आणि शरीर स्वतःलाच विष देत राहते, असा तिचा आशय होता. आतड्यातील जिवाणू आवश्यक की घातक, हा वाद अशा रीतीने अगदी आरंभापासून चालत आला आहे.

या वादात एली मेचनिकॉफ (१८४५–१९१६) यांच्यासारखा प्रतिष्ठित शास्त्रज्ञ उतरल्याने त्याला निराळेच वजन प्राप्त झाले. रोगजंतूंना गिळंकृत करणाऱ्या भक्षकपेशींचा त्यांनी शोध लावला होता. त्याबद्दल १९०८ साली पॉल एर्लिख यांच्यासमवेत त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. १८८८ पासून ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत कार्यरत होते. (मुंबईत १८९७ च्या जानेवारीत प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेणारे वाल्डेमार हाफकिन हे ओडेसा येथील त्यांचे विद्यार्थी. परळच्या संस्थेमुळे शिष्याचे नाव महाराष्ट्रात सर्वतोमुखी आहे, गुरूचे मात्र फारसे नाही.)

१८९२ मध्ये फ्रान्समध्ये पटकीची साथ आली असता मेचनिकॉफ यांनी पटकीच्या जंतूंचे संवर्धन स्वतः प्राशन केले. त्यांना काहीही झाले नाही. एका सहकाऱ्यालाही बाधा झाली नाही. परंतु त्यानंतर ज्याने ते घेतले तो मृत्यूच्या दारातून परतला. त्या काळच्या धाडसाच्या कल्पना लक्षात घेतल्या तरी हा प्रयोग क्षम्य ठरत नाही. एकच जंतू पोटात जाऊनही एकाला रोग होतो व दुसऱ्याला होत नाही, याचे कारण मेचनिकॉफ यांनी आतड्यात आधीपासून राहणाऱ्या इतर जिवाणूंमध्ये शोधले. काही जिवाणू पटकीच्या जंतूंच्या वाढीस साहाय्य करतात, तर काही तिला प्रतिबंध करतात, असे त्यांना प्रयोगशाळेतही आढळले. हे निरीक्षण मोलाचे होते आणि आजही ते ग्राह्य आहे.

त्यावर उभारलेली इमारत मात्र कच्ची होती. १९०३ व १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांत त्यांनी असे प्रतिपादन केले की, मोठे आतडे हा मानवाला अनावश्यक झालेला अवयव असून तेथील कुजवणारे जिवाणू फिनॉल, इंडोल यांसारखी द्रव्ये निर्माण करून रक्तवाहिन्या कठीण करतात व अकाली वार्धक्य आणतात. त्यावर उपाय म्हणून लॅक्टिक आम्ल निर्माण करणारे जिवाणू, अर्थात विरजलेले दूध, त्यांनी सुचविले. बल्गेरियातील खेडुतांच्या दीर्घायुष्याचा दाखला त्यांनी दिला. तेथील दह्यातील जिवाणू १९०५ साली स्टामेन ग्रिगोरोव यांनी जिनिव्हा येथे ओळखला होता. दह्याच्या गोळ्या व विरजणे युरोपच्या बाजारात येण्यास फार काळ लागला नाही.

शस्त्रक्रियेचे पर्व :

दह्याने कोणाचे फारसे बिघडले नाही. शस्त्राने बिघडले. लंडनच्या गायज् रुग्णालयातील विल्यम आर्बथनॉट लेन हे हाडांच्या शस्त्रक्रियेत निर्जंतुकतेचे कठोर नियम घालून देणारे अत्यंत कुशल शल्यविशारद होते. दीर्घकालीन बद्धकोष्ठता हे नानाविध व्याधींचे मूळ आहे अशी त्यांची धारणा झाली. प्रथम मोठे आतडे वगळून पचनमार्ग जोडणे आणि पुढे ते समूळ काढून टाकणे, असा उपचार ते करू लागले. शरीरातील एक काल्पनिक पिशवी हरेक रुग्णातून कापून काढणारा शल्यविशारद बर्नार्ड शॉ यांच्या १९०६ सालच्या ‘द डॉक्टर्स डिलेमा’ या नाटकात आहे. १९१३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनमध्ये या विषयावर प्रदीर्घ चर्चा होऊन लेन यांच्यावर कडक टीका झाली. कालांतराने लेन यांनी शस्त्र बाजूस ठेवले आणि १९२५ साली आहारसुधारणेसाठी संस्था स्थापन केली. तोवर ज्यांची आतडी गेली होती त्यांना ती परत मिळणार नव्हती.

या सिद्धान्ताला खरा धक्का एका साध्या प्रश्नाने दिला. विष रक्तात साठले असेल तर शौचास झाल्यावर डोकेदुखी व मरगळ काही क्षणांत कशी नाहीशी होते? अमेरिकन वैद्य वॉल्टर अल्व्हारेझ यांनी १९१९ साली ही लक्षणे विषामुळे नव्हे, तर गुदाशयावरील यांत्रिक ताणामुळे व मज्जातंतूंद्वारे उद्भवतात, असे मांडले. पुढे निरोगी व्यक्तींच्या गुदाशयात केवळ कापूस भरूनही तशीच लक्षणे निर्माण करता आली. कापसात विष नव्हते. १९२१ मध्ये रेटगर व चेप्लिन यांनी बल्गेरियन जिवाणू मानवी आतड्यात वस्तीच करीत नाही, हेही दाखवून दिले.

उत्तरकाळ :

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मेचनिकॉफ यांचे निम्मे म्हणणे परतले, निम्मे उलटले. तंतुमय अन्नापासून जिवाणू ब्युटिरेट तयार करतात आणि मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशी त्यावर पोसल्या जातात, हे १९८० साली स्पष्ट झाले. म्हणजे ‘निरुपयोगी’ ठरविलेला अवयव जिवाणूंशी देवाणघेवाण करीत होता. दुसरीकडे, प्रतिजैविकांनंतर बळावणाऱ्या क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जंतूच्या वारंवार होणाऱ्या अतिसारावर निरोगी दात्याची विष्ठा देण्याचा उपचार नेदरलँड्समध्ये तपासला गेला. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत १६ पैकी १३ रुग्ण पहिल्याच खेपेस बरे झाले, तर केवळ व्हॅन्कोमायसिन दिलेल्या १३ पैकी ४. जिवाणूंमधील स्पर्धेचे १८९२ चे अनुमान येथे सिद्ध झाले. परंतु २०१९ मध्ये दात्याच्या विष्ठेतील औषधरोधी ई. कोलायमुळे अमेरिकेत एक रुग्ण दगावला आणि दात्यांच्या तपासणीचे नियम कडक करावे लागले.

विषाचा प्रश्नही पूर्णतः निकालात निघालेला नाही. आतड्यातील जिवाणूंनी बनविलेल्या इंडोलपासून यकृतात इंडॉक्सिल सल्फेट तयार होते. निरोगी मूत्रपिंड ते बाहेर टाकते, पण मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णात ते साठत जाते. रक्तातील प्रथिनाला घट्ट चिकटून राहत असल्याने डायलिसिसनेही ते पुरेसे निघत नाही. म्हणून त्याची निर्मिती आतड्यातच कमी कशी करता येईल, याचा शोध आज चालू आहे.